इतर खर्च

एमबीए, फायनान्स, पहिला वर्ग.
उद्यमबागेत तीन मुलाखती झाल्या,
तिन्हीकडं मशीनच्या आवाजात नाव दोनदा सांगावं लागलं
आणि तिन्हीकडून ‘कळवतो’ आलं.
चौथी निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागं
पत्र्याच्या खोलीत.
समोर प्रोफेसर दस्तगीर.
प्रोफेसर पदवीनं नव्हे, टोपीनं.
त्यांनी माझं सर्टिफिकेट उलटंसुलटं पाहिलं,
चार घड्या घातल्या, मुठीत घेतलं, फुंकलं.
मूठ उघडली तर काही नाही.
माझ्या पोटात खड्डा.
मग माझ्याच पर्समधून ते काढलं,
सुरकुतीसुद्धा नाही.
“घाबरलीस म्हणजे मोल हाय त्याला.
सोमवारपासून ये.”

घरी, अनगोळात, बाबांनी विचारलं, कंपनी कसली?
मी म्हटलं, मनोरंजन क्षेत्र.
आई म्हणाली, “म्हणजे नक्की काय करूलालीस?”
हिशेब, म्हटलं. हिशेब.

आणि हिशेब होताच.
दहा कबुतरं: चालू मालमत्ता की स्थिर?
उडतात, म्हणून चालू, असं मीच ठरवलं.
करवतीच्या पेटीवर घसारा दहा टक्के.
शबानाला मधोमध कापून घेण्याचे रोज चारशे,
पूर्ण मिळतात का विचारलं तर हसली,
“अर्धे. उरलेले ईदीला.”
पोस्टरवर कन्नड मोठं, मराठी त्याखाली बारीक;
छापणाऱ्यानं पैसे दोन्हींचे सारखेच लावले.
कोगनोळी नाक्यावर टेम्पो अडवला, पिंजऱ्यात काय?
प्रोफेसरांनी पडदा सारला: रिकामा.
पलीकडं कागलला उतरलो, तर दहाच्या दहा, गुटर्गू करत.
“कसं केलंत? कॉस्टिंगला हवंय,” मी म्हटलं.
टोपीवरची धूळ फुंकत ते म्हणाले,
“इतर मध्ये टाक.”

वहीत इतर फुगत गेलं.

मग जत्राट वेशीजवळच्या हॉलात
विडी वळणाऱ्या बायकांसाठी खेळ.
कुणाच्या कानामागून रुपया निघाला,
कुणाच्या अंबाड्यातून अंडं.
तिसऱ्या रांगेतून निलव्वा उठली:
“कानातलं ऱ्हाऊ दे.
माझा तीन वर्सांचा फंड कापलाय,
मालक म्हंतोय भरला, पासबुकात न्हाई.
त्यो काढून दाव.”
हॉल हसला. मग हसायचा थांबला.
प्रोफेसरांचा हात हवेत तसाच,
बोटांत पांढरं पीस.
आणि त्यांनी खेळात कधी नसलेलं काहीतरी केलं,
विंगेकडं वळून माझ्याकडं बघितलं.

त्या रात्री, शबाना जिच्यात दोन होते
त्या पेटीवर बसून मी सव्वीस पासबुकं चाळली.
महिना, कपात, महिना, कपात,
मग कोरं.
कन्नड फॉर्म निलव्वाच्या सातवीतल्या नातीनं वाचून दाखवले,
जांभया देत.
बेळगावच्या फंड ऑफिसात सहा खेपा.
पाचव्या खेपेला साहेबानं विचारलं, आपण कोण?
जादूच्या कंपनीतून आलेय, म्हटलं.
त्यानं खुर्ची दिली.

पाच महिन्यांनी निलव्वाच्या खात्यात
अकरा हजार तीनशे चाळीस.
बाकीच्या पंचवीसजणींचं अजून काही नाही.
ती पत्र्याच्या खोलीत आली,
पदराखाली भडंगाचा डबा.
“हे तू कसं काढलंस गं?”
सांगता आलं असतं. कलम, अर्ज, पोचपावती.
पण प्रोफेसर कबुतरांना दाणे घालत होते,
पाठमोरे, कान इकडं.

बसचे पैसे नव्हतेच, बायकांना तिकीट फुकट.
झेरॉक्स आणि चहाचे दोनशे साठ मांडायचे राहिले होते.
मी पेन उघडलं,
‘इतर’ लिहिलं,
आणि तिला म्हटलं,
“आधी डबा उघड.”